मांजरसुंबा : थांब्याच्या गावी कुटुंबाचा मुक्काम

धुळे-सोलापूर महामार्गाने प्रवास करणाऱ्यांना मांजरसुंबा हे नाव अपरिचित नाही. बीड शहर मागे टाकून पालीचा परिसर ओलांडला, की रस्ता बालाघाटाच्या डोंगररांगेत शिरतो. घाट चढून माथ्यावर आले, की मांजरसुंब्याचा चौक लागतो. चहा, नाश्ता, रबडी आणि पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती घेऊन वाहने पुन्हा मार्गस्थ होतात. या गावाची ओळख वर्षानुवर्षे ‘थांबा’ अशीच आहे. मात्र डोंगर, दरी, धबधबा, संतांचे समाधिस्थान आणि माथ्यावरची ज्वारीची शेते एवढे वैभव ज्या परिसराला लाभले आहे, तेथे मुलाबाळांसह दोन-तीन दिवस राहावे, असा विचार फारसा कोणी करीत नाही.

शहरी कुटुंबांत अलीकडे निसर्गाच्या सान्निध्यात, परंतु सर्व सोयींनी युक्त अशा निवासात सुटी घालविण्याकडे कल वाढला आहे. महाराष्ट्रात या प्रकारच्या पर्यटनाचा पाया कोणी घातला, त्याचे नियम काय, कुटुंबाने निवास निवडताना कोणती दक्षता घ्यावी आणि बालाघाटासारख्या अवर्षणप्रवण भागात अशा आलिशान मुक्कामाचा खरा हिशेब काय, याचा हा आढावा.

गाव कोठे आहे?

मांजरसुंबा हे बीड तालुक्यातील गाव बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११ आणि आताचा क्रमांक ५२ या गावावरून जातो. येथूनच एक रस्ता पश्चिमेकडे लिंबागणेश, पाटोदामार्गे जामखेड व अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर), तर दुसरा पूर्वेकडे केज, अंबाजोगाई व लातूरकडे जातो. उत्तरेस गेवराईमार्गे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि दक्षिणेस चौसाळा, येरमाळा, धाराशिवमार्गे (पूर्वीचे उस्मानाबाद) तुळजापूर व सोलापूर गाठता येते. वेरूळचे घृष्णेश्वर आणि तुळजापूरची भवानी अशी दोन्ही दर्शने एकाच प्रवासात करू इच्छिणाऱ्या कुटुंबांना मांजरसुंबा हा साधारण मधला टप्पा पडतो.

येथे एक सूचना आवश्यक आहे. अहिल्यानगरजवळ डोंगरगणच्या परिसरात मांजरसुंबा याच नावाचे दुसरे गाव असून, तेथील गडामुळे ते गिर्यारोहकांना ठाऊक आहे. निवासाचे आरक्षण करताना किंवा मोबाइलवरील नकाशा पाहताना जिल्ह्याच्या नावाची खातरजमा न केल्यास भलत्याच गावी पोहोचण्याची शक्यता असते.

धर्मशाळेपासून आलिशान निवासापर्यंत

गावाबाहेर मुक्काम ही कल्पना मराठी कुटुंबाला नवी नाही. कुलदैवताला जाणे, यात्रेला जाणे, उन्हाळ्यात मामाच्या गावी राहणे हेच पूर्वीचे पर्यटन होते. मुक्काम धर्मशाळेत, मठात, गुरवाच्या ओसरीवर किंवा नातलगांकडे होत असे. मांजरसुंब्याजवळील कपिलधार येथे कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेसाठी दूरदूरहून दिंड्या येतात. त्या वाटेवरील गावे वारकऱ्यांची जेवणाची व निवाऱ्याची सोय करतात. पाहुणचाराची ही परंपरा कोणत्याही हॉटेलपेक्षा जुनी आहे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली आणि लेण्या, समुद्रकिनारे व थंड हवेच्या ठिकाणी शासकीय पर्यटक निवास उभे राहू लागले. शेतावरचा मुक्काम हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो, हे मात्र शेतकऱ्यांनीच प्रथम दाखवून दिले. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली सगुणा बाग हे त्याचे आरंभीचे उदाहरण. तळी, मत्स्यपालन, भातशेती आणि पाहुण्यांसाठी साध्या खोल्या असे तिचे स्वरूप आहे. २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामती परिसरात कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू करून राज्यभरातील शेतकऱ्यांना त्याचे प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. ‘कृषी पर्यटन’ हा शब्द मराठीत रूढ होण्यास या चळवळीचा मोठा हातभार लागला.

दुसऱ्या बाजूने आलिशान निवासांची वाट तयार झाली. सासवडजवळील जाधववाडी येथे पिलाजीराव जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधलेल्या गढीचे रूपांतर हॉटेलात झाले आणि ‘जाधवगड’ हे नाव पुणेकर कुटुंबांच्या सहलींत रुळले. नाशिक परिसरात द्राक्षमळे व वाईनरींच्या जोडीने निवासस्थाने उभी राहिली. मुळशी, पवना, लोणावळा या पट्ट्यात डोंगरउतारावर बंगलेवजा खोल्यांची मोठी रिसॉर्ट आली.

यांतील भेद वाचकांनी लक्षात घ्यावा. वारसा हॉटेल म्हणजे जुना वाडा, गढी अथवा राजवाडा यांत चालणारे हॉटेल. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात त्यासाठी इमारत १९५० पूर्वीची असावी लागते. रिसॉर्ट म्हणजे मोकळ्या आवारात निवास, भोजन व करमणूक एकत्र देणारे ठिकाण. कृषी पर्यटन केंद्र म्हणजे प्रत्यक्ष कसल्या जाणाऱ्या शेतावरील निवास. निवास व न्याहारी या प्रकारात घरमालक आपल्या राहत्या घरातील काही खोल्या पाहुण्यांना देतो. जाहिरातीत या सर्वांना सरसकट ‘लक्झरी फार्म स्टे’ म्हटले जाते. नेमके काय मिळणार, हे नावावरून नव्हे, तर चौकशीतूनच कळते.

मुक्काम मांजरसुंब्याला, पाहणे बालाघाट

मांजरसुंबा परिसरात मुक्काम ठेवल्यास एका दिवसात जाऊन येण्याजोगी अनेक स्थळे आहेत.

*कपिलधार :* वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांचे समाधिस्थान. ‘परमरहस्य’ हा त्यांचा मराठी ग्रंथ वीरशैव समाजात श्रद्धेने वाचला जातो. मंदिर दरीत असून पावसाळ्यात येथे धबधबा वाहतो. मुलांसाठी हे आकर्षण मोठे असले, तरी ओले खडक निसरडे असल्याने हात सोडू नये.

*लिंबागणेश :* पाटोदा रस्त्यावरील हे गाव तेथील गणेश मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. ज्येष्ठांना फार चालावे लागत नाही.

*नायगाव मयूर अभयारण्य :* पाटोदा तालुक्यातील हे अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. सुमारे ३० चौरस किलोमीटर क्षेत्रातील या झुडपी जंगलात मोरांचे दर्शन होते. त्यासाठी पहाटे किंवा सायंकाळी जावे.

*सौताडा :* पाटोदा तालुक्यातच विंचरणा नदी खोल दरीत झेपावते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पायऱ्या उतरणे सोपे वाटले, तरी गुडघेदुखीच्या रुग्णांनी वरूनच दृश्य पाहणे श्रेयस्कर.

*बीड शहर :* कुंडाच्या मध्यभागी उभे असलेले कंकालेश्वर मंदिर आणि निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली खजाना बावडी ही दोन स्थळे जलव्यवस्थापनाच्या जुन्या शहाणपणाचे धडे देतात. शालेय मुलांना बावडी आवर्जून दाखवावी.

*अंबाजोगाई व परळी :* योगेश्वरी ही कोकणातील अनेक कुटुंबांची कुलदेवता असल्याने मुंबई, पुणे, रत्नागिरीकडील कुटुंबे नेमाने अंबाजोगाईस येतात. आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी, दासोपंतांचे स्थान आणि हत्तीखाना नावाने ओळखली जाणारी लेणी येथेच आहेत. पुढे परळी येथे वैजनाथाचे ज्योतिर्लिंग आहे. या दोन्ही ठिकाणांसाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा.

केव्हा जावे?

पावसाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरात, बालाघाट हिरवा असतो. धबधबे वाहतात आणि डोंगरउतारावर सीताफळे पिकू लागतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठांतर्गत कार्य करते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा हुरड्याचा हंगाम. ज्वारीची कणसे दुधाळ अवस्थेतून किंचित पुढे गेली, की गोवऱ्यांच्या आरावर भाजून, हातावर चोळून गरम हुरडा खाल्ला जातो. सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, दही, गूळ आणि बोरे. हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’, ‘परभणी वसंत’ असे खास वाण कृषी विद्यापीठांनी विकसित केले आहेत. ज्या शेतकऱ्याला ज्वारीच्या धान्याला जेमतेम भाव मिळतो, त्यालाच हुरड्याच्या रूपाने त्याच पिकाचे कितीतरी अधिक पैसे मिळू शकतात. म्हणूनच कृषी पर्यटन केंद्रांचे वर्षभराचे गणित या अडीच-तीन महिन्यांवर अवलंबून असते.

मार्च ते मेअखेर ऊन कडक असते. या काळात लहान मुले व वृद्धांसह मुक्काम टाळणेच इष्ट.

कुटुंबाने काय पाहावे?

‘कुटुंबांसाठी उत्तम’ असे प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेले असते. त्याची परीक्षा पुढील बाबींवरून करता येते.

*खोल्यांची रचना :* आजी-आजोबांची खोली तळमजल्यावर व मुला-नातवंडांच्या खोलीला लागून मिळते का, हे विचारावे. डोंगरउतारावरील रिसॉर्टमध्ये खोली ते भोजनगृह हे अंतर व मधल्या पायऱ्या ही ज्येष्ठांची खरी अडचण असते. स्नानगृहात धरण्यासाठी दांडा आणि कमोडची सोय असावी.

*पाण्याजवळची सुरक्षितता :* ग्रामीण निवासात पोहण्याच्या तलावाइतकेच लक्ष विहीर व शेततळ्याकडे द्यावे. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते. ते निसरडे असल्याने आत पडलेल्या मोठ्या माणसालाही बाहेर येता येत नाही. भोवती कुंपण, आत उतरलेला दोर आणि तरंगती ट्यूब नसेल, तर अशा जागी मुलांना घेऊन जाऊ नये. तलावावर जीवरक्षक कोणत्या वेळेत हजर असतो, हेही विचारावे.

*विंचू-सर्प :* नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आढळतात. रात्री विजेरीशिवाय फिरू नये, जमिनीवर झोपू नये, बूट झटकून घालावेत. दंश झाल्यास चिरा देणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न दवडता रुग्णाला हालचाल करू न देता थेट रुग्णालयात न्यावे. बीडचे जिल्हा रुग्णालय हे मांजरसुंब्याहून जवळचे मोठे शासकीय रुग्णालय असून, अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यभर उपलब्ध आहे.

*भोजन :* लहान मुलांचे जेवण रात्री आठच्या आत मिळते का, दूध केव्हाही गरम करून मिळेल का, कमी तिखटाचा वेगळा स्वयंपाक होतो का, हे तीन प्रश्न आरक्षणापूर्वीच विचारावेत. बाजरी-ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, धपाटे, ठेचा, दही हे मराठवाड्याचे जेवण रुचकर असले, तरी तिखट असते.

*करमणूक :* बैलगाडीची फेरी, गोठा, झोका, पतंग, चांदणे यांपुढे यांत्रिक खेळांची गरज पडत नाही. मात्र बैलगाडीत एका वेळी किती जण बसवितात आणि जनावरांना सावली-पाणी आहे का, हेही पाहावे. जनावरांची निगा हे यजमानाच्या वृत्तीचे विश्वासार्ह माप आहे.

दर व कर : बिल वाचावे कसे?

हॉटेलचे दर साधारणपणे चार प्रकारे आकारले जातात. केवळ खोलीचा दर म्हणजे ‘युरोपियन प्लॅन’. खोली व न्याहारी मिळून ‘कॉन्टिनेंटल प्लॅन’. न्याहारी व एक वेळचे जेवण असल्यास ‘मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन’ आणि तिन्ही वेळचे खाणे समाविष्ट असल्यास ‘अमेरिकन प्लॅन’. गावाबाहेरच्या ठिकाणी जवळपास दुसरी खाणावळ नसते. त्यामुळे स्वस्त वाटणारा पहिला दर अखेरीस महाग पडू शकतो. मुलांसाठी जादा बिछाना, त्याचे वेगळे शुल्क आणि किती वर्षांपर्यंतच्या मुलाला शुल्क नाही, याचे नियम प्रत्येक ठिकाणी भिन्न असतात. ते लेखी मागवून घ्यावेत.

वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले आहेत. एका खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास ५ टक्के, तर त्याहून अधिक असल्यास १८ टक्के कर लागतो. म्हणजेच ७,५०० रुपयांच्या खोलीवर ३७५ रुपये कर होतो, तर ८,००० रुपयांच्या खोलीवर १,४४० रुपये. भाड्यातील ५०० रुपयांच्या फरकाने एकूण बिल दिवसाला १,५६५ रुपयांनी वाढते. दोन खोल्या व तीन रात्रींचा मुक्काम असल्यास हाच फरक ९,३९० रुपयांवर जातो.

सेवाशुल्काबाबतही ग्राहकांनी जागरूक असावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल किंवा उपाहारगृहाला बिलात सेवाशुल्क परस्पर लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. सेवा आवडल्यास स्वखुशीने बक्षीस द्यावे. ते सेवकाच्या हाती पोहोचते.

शासनाचे धोरण

राज्य शासनाने २०२० मध्ये स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. वैयक्तिक शेतकऱ्यांबरोबरच कृषी सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये व विद्यापीठे यांना या धोरणान्वये केंद्र सुरू करता येते. केंद्रासाठी किमान एक एकर शेती आवश्यक असून, शालेय सहली आयोजित करावयाच्या असल्यास किमान पाच एकर क्षेत्राची अट आहे. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करावी लागते. नोंदणी प्रमाणपत्रामुळे बँकेकडून कर्ज मिळविणे सुलभ होते. पर्यटकाच्या दृष्टीनेही हे प्रमाणपत्र महत्त्वाचे आहे. केंद्र नोंदणीकृत आहे का, हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये.

महिलांसाठी २०२३ मध्ये ‘आई’ हे पर्यटन धोरण आणण्यात आले. पर्यटन व्यवसायासाठी महिलेने घेतलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाची, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, प्रतिपूर्ती करण्याची तरतूद त्यात आहे. ग्रामीण मुक्कामाचा आत्मा स्वयंपाकघरात असतो आणि ते चालविणारे हात बहुधा स्त्रियांचेच असतात. व्यवसाय मात्र पुरुषाच्या नावे असतो. या पार्श्वभूमीवर अशा योजनेचे महत्त्व अधिक आहे.

पाण्याचा ताळेबंद

बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. दुष्काळात या जिल्ह्यातील गावांना टँकरचे पाणी प्यावे लागते. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात आलिशान निवासाचा विचार पाण्याला वगळून होऊ शकत नाही.

भारतीय मानकांनुसार निवासी हॉटेलसाठी प्रत्येक खाटेमागे दररोज १८० लिटर पाणी गृहीत धरले जाते. जलजीवन अभियानात ग्रामीण माणसासाठी धरलेले प्रमाण दररोज ५५ लिटर आहे. वीस खोल्या व चाळीस खाटांचे हॉटेल पूर्ण भरल्यास दिवसाला ७,२०० लिटर पाणी लागेल. तेवढ्या पाण्यात गावातील सुमारे १३० माणसांची गरज भागते. पोहण्याचा १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी १.२ मीटर खोल असा छोटा तलाव भरण्यास ६० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर लागतात. उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर त्या तलावातून रोज ५०० लिटर पाणी हवेत जाते. नऊ माणसांच्या दिवसभराच्या वाट्याइतके ते असते.

याचा अर्थ येथे हॉटेल असूच नये, असा नव्हे. पाणी अडविण्याचा हिशेबही तितकाच सोपा आहे. एक हजार चौरस मीटर छतावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के साठविता आला, तर ४ लाख ८० हजार लिटर पाणी मिळते. वरील हॉटेलची सुमारे ६६ दिवसांची गरज त्यातून भागते. ३० बाय ३० मीटर व ३ मीटर खोल अशा शेततळ्याची क्षमता सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर असते. बाष्पीभवन व गळतीची घट सोडूनही त्यात काही महिन्यांचा साठा राहतो. स्नानगृहातील पाणी शुद्ध करून बागेला देणे, टबाऐवजी बादली अथवा शॉवरची सोय ठेवणे, हिरवळीऐवजी सीताफळ, बोर, आवळा अशी कमी पाण्याची झाडे लावणे हे उपायही कठीण नाहीत. आपले हॉटेल पाणी कोठून आणते, कूपनलिकेतून, टँकरने की साठविलेल्या पावसातून, हा प्रश्न पाहुण्याने विचारला, तरच मालक त्याकडे लक्ष देईल.

कोणाचा हंगाम?

बीड हा ऊसतोडणी कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. अनेकदा मुलांनाही सोबत न्यावे लागते आणि त्यांची शाळा सुटते. घरी राहिलेल्या मुलांचा भार म्हाताऱ्या माणसांवर पडतो.

येथे एक विरोधाभास दिसतो. बालाघाटात पर्यटनास सर्वांत अनुकूल असा काळ म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. नेमक्या त्याच महिन्यांत गावे रिकामी होतात. शहरातील कुटुंब मुलांना शेत दाखविण्यासाठी ज्या दिवसांत येथे येईल, त्याच दिवसांत येथील कुटुंब आपल्या मुलांसह दुसऱ्याच्या शेतात ऊस तोडत असेल. ग्रामीण निवासाचा व्यवसाय या भागात रुजला, तर स्वयंपाकी, माळी, वाहनचालक, वाटाड्या, गोठ्यातील गडी, धुलाई व दूध-भाजीचा पुरवठा अशी कामे त्याच हंगामात उभी राहतील. त्यातून ऊसतोडीचे स्थलांतर थांबेल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु एका केंद्रामुळे चार-पाच कुटुंबे जरी गावी राहिली, तरी त्यांच्या मुलांचे शाळेतील वर्ष वाचेल.

त्यासाठी अट एकच. पैसा गावात राहिला पाहिजे. भाजीपाला शहरातून, कर्मचारी परराज्यातून आणि पाणी गावाच्या विहिरीतून, असे आलिशान हॉटेल असेल, तर गावाच्या पदरी धूळच पडेल. उलट भाकरी गावातल्या बाईच्या हातची, ज्वारी शेजारच्या शेतातली आणि वाटाड्या कपिलधारच्या वाटेवर लहानाचा मोठा झालेला असेल, तर पाहुण्यालाही अधिक काही गवसेल. आरक्षणापूर्वी ‘कामाला गावातले किती जण आहेत?’ एवढे विचारले, तरी या दोन प्रकारांतील फरक लगेच कळतो.

कसे जाल?

*रस्तामार्गे :* छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, लातूर व अहिल्यानगर येथून बीड, केज किंवा पाटोदामार्गे मांजरसुंब्यास येता येते. बीडहून धाराशिव व केजकडे जाणाऱ्या एस.टी. बस या चौकातून जातात. पुण्याहून अहिल्यानगर-जामखेड-पाटोदामार्गे येणे सोयीचे. घाटातून रात्रीचा प्रवास टाळावा.

*रेल्वेमार्गे :* अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर ते बीड ही रेल्वेसेवा सुरू झाली. बीडपासून पुढे रस्त्याने जावे लागते. दक्षिणेकडून येणाऱ्यांना परळी वैजनाथ व लातूर ही स्थानके उपयोगी आहेत.

*विमानाने :* सर्वांत सोयीचा विमानतळ छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

*सोबत असावे :* ओळखपत्रांच्या प्रती, नेहमीची औषधे, विजेरी, पायात पूर्ण बूट, मुलांसाठी टोपी, हिवाळ्यात स्वेटर आणि थोडी रोख रक्कम. डोंगरातील खोलगट भागात मोबाइलचे जाळे साथ देईलच असे नाही. त्यामुळे निवासाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावा.